खाड्याचा उपचार

रोज सकाळी आठ वाजता आण्णाप्पा मगदूम चूळ भरायच्या आधी डब्यात थुंकत आणि शालन कांबळे डब्यावरचे आकडे कार्डावर उतरवून घेई. डबा पानाच्या डब्याएवढाच. थुंकीतल्या क्षयाच्या जंतूंची तो खानेसुमारी करी. औषधाने मरणारे किती आणि औषधाला दाद न देणारे किती, हे तो वेगवेगळं दाखवी. पहिल्यांना दवाखान्यात 'नरम' म्हणत, दुसऱ्यांना 'चिवट'. आज नरम चौऱ्याहत्तर होते, चिवट सहा.

"मग आज गोळी?" आण्णाप्पांनी विचारलं.

"आजपास्नं खाडा," शालन म्हणाली आणि तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

इचलकरंजीत खाडा हा काही चांगला शब्द नव्हे. आण्णाप्पांनी तीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून काम केलं, आणि खाडे करणाऱ्या कामगाराला ते दारातूनच परत पाठवत. शालनची तऱ्हा वेगळी नव्हती. बावीस वर्षं आशाताई म्हणून ती गल्लोगल्ली फिरली होती. समोर बसवून गोळी गिळायला लावायची, मग जीभ वर करायला सांगायची, आणि एकाही दिवसाचा खाडा होऊ द्यायचा नाही, हा तिचा धर्म. आणि आता सरकारी कार्डावर छापूनच आलं होतं: खाडा, एकवीस दिवस. हा उपचार सगळ्यांसाठी नव्हता. ज्यांच्या जंतूंपुढे बाकीची औषधं हरली होती आणि एकच कसंबसं लागू पडत होतं, अशा मोजक्यांसाठी होता.

दवाखान्यातल्या डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी तिला समजावलं होतं.

"शेतात तणनाशक मारलं की शेवटी काय उरतं, शालनताई?"

"लव्हाळा."

"का?"

"बाकीचं तण मरतंय. मग त्येला रान मोकळंच की."

"तेच छातीत होतं. चिवट जंतू औषध सोसतात, पण त्या सोसण्यात त्यांची ताकद जाते. औषध नसेल तेव्हा नरम जंतू त्यांना वाढू देत नाहीत. म्हणून थोडे नरम जगू द्यायचे. फार माजले की गोळ्या, आवरले की खाडा. उत्क्रांतीशी भांडून आपण हरलो, आता तिला कामाला लावायचं. आण्णांचा क्षय जाणार नाही, पण आण्णाही जाणार नाहीत."

शालनला ते पटलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत तरी पटलेलंच होतं.

खाड्याच्या नवव्या दिवशी आकडा दीडशेवर गेला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या की इतका चढणारच, घाबरू नका. पण चौकट धरून खोकणारा माणूस मॅडमना दिसत नव्हता. आण्णाप्पांची बायको बाळाक्का म्हणाली, "ताई, औषध कपाटात हाय आणि माणूस हितं खोकून मरतोय. ही कुठली रीत?"

एकीकडे बावीस वर्षं, दुसरीकडे एक लव्हाळा. शालनने कपाट उघडलं, गोळी दिली, आणि कार्डावर लिहिलं, 'खाडा'. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. बारा दिवस तिने गोळ्या दिल्या. खोकला ओसरला, आण्णाप्पा जिना चढू लागले, आणि एकूण आकडा अकरावर आला. मॅडमनी फोनवर नुसता एकूण आकडा ऐकून कौतुक केलं, तेव्हा तिला धड आनंदही होईना आणि धड वाईटही वाटेना.

गोळ्यांच्या तेराव्या दिवशी तिने एकूण आकड्याखालची ओळ नीट वाचली. नरम दोन, चिवट नऊ. दोन दिवसांनी पुन्हा वाचली, तर नरम दोन आणि चिवट एकवीस. गोळी तर रोज गिळली जात होती.

ती तशीच दवाखान्यात गेली आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी कार्डावरचे खोटे खाडे एकेक करून खोडले.

"मला तुमच्यावर ओरडायला हवं," त्या म्हणाल्या. "पण गोळी चुकवू नका, हे आम्हीच तुम्हाला शिकवलं. आता नरम जंतू परत घालावे लागतील."

"कुठं घालायचं?"

"आण्णांच्या छातीत. त्यांच्या पहिल्या दिवसाच्या थुंकीतले जंतू आपण गोठवून ठेवलेत. ते वाढवायचे आणि वाफाऱ्यासारखे हुंगायला द्यायचे."

"जित्तं जंतू?"

"जिवंतच. उंदरांवर जमलंय. माणसात अजून कुणी केलेलं नाही. आणि नाही केलं, तर चिवटांना आण्णांचा जीव घ्यायला फार तर दोन महिने लागतील."

ज्या जंतूपासून माणसं वाचवण्यात शालनचं आयुष्य गेलं, तोच आता माणसाच्या नाकाला लावायचा होता. तिला भीती वाटली, स्वतःचा राग आला, आणि नेमकी चूक कुठे झाली हेच उमगेना. गोळी देण्यात झाली, की बाळाक्काचं ऐकण्यात?

आण्णाप्पांना हे आपणच सांगायचं, एवढं मात्र तिने ठरवलं.

"म्हंजे तुमी मला आता रोग द्यायला आलाय," ते म्हणाले.

"व्हय, आण्णा."

"आणि त्या गोळ्या दिल्या, ती चूक हुती."

"व्हय."

"पन तवा बरं वाटलं हुतं की ओ मला."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

आठवड्याने दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत आण्णाप्पा मुखवट्याची नळी हातात धरून बसले. बाळाक्का बाहेर बाकावर होती, तिने आत यायला नकार दिला होता. डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचून दाखवला. निर्णय सर्वस्वी त्यांचा आहे, अजूनही नाही म्हणता येईल, हेही सांगितलं. आण्णाप्पांनी मान डोलावली, कागदावर अंगठा उठवला. मग मुखवटा तोंडाजवळ नेऊन थांबले. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. शालनकडे पाहिलं.

"मॅडमचं शास्त्र मला कळत न्हाई, ताई. मी तुमाला वळकतो. तुमी सांगा, वढू का श्वास?"