चार सुरांचा तक्ता

मंदामावशीसाठी इलेक्ट्रॉनिक तंबोरा मी घरीच बनवला, कारण बाजारातला एकही तिच्या पसंतीस उतरेना. प्लास्टिकचा डबा, एक चिप आणि सी भाषेतला माझा छोटासा प्रोग्राम. त्यातल्या तक्त्यात चारच सूर: पंचम, दोन षड्ज आणि शेवटी खरज, म्हणजे खालचा षड्ज. तिचे यजमान महिपतकाका गेल्यापासून तीन वर्षं मावशी गायली नव्हती. आता फूलबागेजवळच्या हॉलमधल्या सकाळच्या सभेचं बोलावणं आलं होतं. "या वेळीही जमलं नाही, तर माझं गाणं खतम समज," असं तिनेच मला सांगितलं होतं.

माझ्या घरी डबा नीट वाजला. खासगी बाजार मोहल्ल्यातल्या तिच्या खोलीत लावला, तर खरज आधी आणि पंचम शेवटी.

मावशी ताडकन उठून बसली. "सीमंतिनी, हा तर बिलकुल ह्यांचा हात!"

काका आयुष्यभर तंबोरा असाच उलटा छेडत. लोक हसायचे, पण ते कुणाचं ऐकतात कसले!

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी प्रोग्राम उघडला आणि कपाळावर हात मारला. पॉइंटर म्हणजे तक्त्यावर ठेवलेलं बोट. एकाच ओळीत मी ते बोट चारदा पुढे सरकवलं होतं. अशा ओळीत कुठला सूर आधी वाचायचा, हे सी भाषा ठरवून देत नाही. वर काहीही घडू शकतं, अशी ताकीदही देते. कॉलेजात ज्या चुकीसाठी मी पहिल्या वर्षाच्या पोरांना झापते, तीच मी केली होती. चार सूर चार वेगळ्या ओळींत लिहिले. आता क्रम पक्का झाला. घरी दहा वेळा वाजवून पाहिलं, दहाही वेळा पंचम आधी.

मावशीकडे नेला. खरज आधी.

मी बंद करायला हात पुढे केला.

"रहने दे ना गं," ती म्हणाली आणि डोळे मिटून तिने सा लावला. तासभर गात होती. मला इतका आनंद झाला की पुढची चूक शोधायचं मी चक्क सोडून दिलं.

सभेच्या दिवशी सकाळी सहालाच हॉल भरला. राग भैरव ठरला होता. डबा तिच्या डावीकडे होता. टाळ्या चालू असतानाच मी तो सुरू करून खाली येऊन बसले. मावशीने डब्याकडे एकदा पाहिलं आणि ललत धरला.

ललतमध्ये पंचम लागतच नाही. तंबोऱ्यात तो वाजत राहिला की गाण्याचा विचका, म्हणून गवई खुंटी पिळून ती तार मध्यमावर उतरवतात. माझ्या तक्त्यात मध्यम नव्हताच.

खरज. षड्ज. षड्ज.

मध्यम.

स्वच्छ, भरदार मध्यम!

मावशी हसली. तासाभराने तिने तार षड्ज असा लावला की अख्खा हॉल उभा राहिला. मी तर रडतच टाळ्या वाजवत होते. जिंकली माझी मावशी!

हारतुरे झाल्यावर मी तिला गाठलं. "ललत का घेतलास?"

"ह्यांना भैरव कधी आवडला?"

"आणि मध्यम?"

"लावून घेतला त्यांनी. तूने सुना नहीं?"

घरी येऊन सभेचं रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीच्या टाळ्यांखाली लाकूड करकरतं, थांबतं, पुन्हा करकरतं, आणि पंचम हळूहळू मध्यमावर उतरतो.

माझ्या डब्याला खुंट्या नाहीत.