मागचे डावे चाक

मी तंत्रनिकेतनात यंत्रशाखा शिकलो आणि एकतीस वर्षे कारखान्यात मोजमापाच्या खात्यात काढली. जे मोजता येत नाही, त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षे गेली.

यात एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

एप्रिल १९८६. रविवार, सकाळचे साडेदहा. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आमचे घर. दारात माझी जुनी फियाट लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलेली. भुताखेतांची म्हणतात तशी ती वेळ नव्हती. समोर पिठाची गिरणी चालू होती.

गाडीची सगळी कामे मी घरीच करीत असे. जोडीला माझा मेहुणा कडूबा, बायकोचा धाकटा भाऊ. ब्रेकच्या ऑईलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला दोन माणसे लागतात. मी गाडीखालून म्हणायचो, "दाब." तो पेडल दाबून धरायचा आणि बोटातल्या अंगठीने दारावर दोनदा वाजवायचा.

टक... टक.

मग मी चाकामागचा निप्पल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, उघडायचो. ऑईलबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत उतरायचे. निप्पल बंद केला की म्हणायचो, "सोड." तोवर त्याने पाय काढायचा नाही, हा आमचा नियम.

कडूबा तोंडाने उत्तर देत नसे, कारण तोंडात तंबाखू असायची. "बोललो तर शीट तुमचीच खराब व्हईल, दाजी," असे तो कामाला बसण्याआधीच सांगून टाकायचा.

दोन महिन्यांपूर्वी, माघात, कडूबा गेला.

माझीच गाडी घेऊन तो सिल्लोडला, आपल्या घरी निघाला होता. चौका घाटाच्या उतारावर गाडी थांबलीच नाही. कागदावर लिहिले गेले, चालकाचा निष्काळजीपणा. लोक म्हणाले, प्यायला असेल.

तो पीत नव्हता.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती... आणि ती मी कुणालाही सांगितली नव्हती.

त्याच्या आदल्या रविवारी आम्ही तीनच चाकांची हवा काढली होती. मागच्या डाव्या चाकाचा निप्पल गंजून घट्ट बसला होता. जोर लावला असता तर तुटला असता, आणि नवा मिळेपर्यंत गाडी उभी राहिली असती. मी पेडल दाबून पाहिले. किंचित मऊ होते, म्हणजे आत अजून हवा होती.

"पुरे," मी म्हणालो.

"आन् ते चाक, दाजी?"

"त्याची गरज नाही."

शिकलेला मी होतो. त्याने विश्वास ठेवला.

अपघातानंतर चेपलेला पत्रा बाहेरून ठोकून घेतला. ब्रेकला मात्र मी कुणा मेकॅनिकला हात लावू दिला नाही. तो गंजलेला निप्पल पाहिला असता, तर त्याला सगळे कळले असते.

आता सोमवारी माझा मुलगा रामकिसन याच गाडीने, याच घाटातून सिल्लोडला जाणार होता. कडूबाची बायको मंजुळा आणि दोन लेकरे यांना आणायला.

एप्रिलच्या त्या सकाळी मी नवा निप्पल बसवला आणि त्याच चाकापासून सुरुवात केली. पेडलवर बसली माझी बायको साळूबाई. कडूबाची थोरली बहीण.

"दाब."

"दाबलं की हो."

"धरून ठेव."

"धरलंय. गाडी तुमची आन् पाय माझे गळाले."

बुडबुडे आले. निप्पल बंद केला. "सोड." पुन्हा "दाब." असे सात-आठ वेळा झाले.

मग एकदा मी म्हणालो, "दाब."

उत्तर आले नाही.

टक... टक.

वाटले, बोलून कंटाळली. बांगडी वाजवली असेल. मी निप्पल उघडला.

पुन्हा बुडबुडे. मघापेक्षा अधिक.

"दाब."

टक... टक.

बाटली भरली. रिकामी करून पुन्हा लावली. तीही भरली. बुडबुडे थांबेनात. तेवढे ऑईल त्या गाडीत मावतच नाही, हे मला ठाऊक होते. आणि मध्ये कुणी एक थेंबही ओतला नव्हता.

गिरणीचा आवाज बंद पडला होता. कधी, ते लक्षात आले नाही.

"अहो, चहा घ्या. किती येळ त्या एकाच चाकाला चिकटलाय?"

आवाज घराकडून आला होता.

मी गाडीखालून मान वळवली. उंबऱ्यावर साळूबाईची पावले दिसत होती.

"तू... कधी उतरलीस?"

"दूध उतू चाललं व्हतं. सांगून तर गेले. अर्धा तास झाला की! ऐकलंच नाय व्हय?"

माझ्या हातात पाना होता. मी निप्पल बंद केला.

"सोड," मी म्हणालो.

पेडल सुटल्याचा आवाज झाला नाही.

मी सरपटत बाहेर आलो. सीट रिकामी होती. पेडल मात्र पार तळाला टेकलेले. मी दोन्ही हातांनी ते वर ओढले. तसूभरही हलेना.

"कुणी धरलंय ते?" मागून साळूबाईने विचारले.

मला तिच्याकडे पाहवेना. त्या पेडलकडेच पाहत मी म्हणालो, "या चाकाची हवा मी काढलीच नव्हती. त्याने विचारलं होतं. मी गरज नाही म्हणालो."

पेडल तसेच राहिले.

साळूबाईने चहाचा कप बॉनेटवर ठेवला. मला बाजूला सारून ती दाराशी वाकली. लहान भावाला झाडावरून उतरवावे, तशा आवाजात म्हणाली,

"कडू... पाय काढ रे, बाळा."

पेडल वर आले.

स्प्रिंगने येते तसे झटक्यात नव्हे. सावकाश... दमलेला माणूस पाय उचलतो तसे.

साळूबाई आत गेली. जाताना बॉनेटवरचा चहा तिने मातीत ओतला.

सोमवारी रामकिसनला मी गाडीची किल्ली दिली नाही. आम्ही दोघे एस.टी.ने सिल्लोडला गेलो. मंजुळाला समोर बसवून मी सारे सांगितले.

ती रडली नाही. तिने एवढेच विचारले,

"दाजी, त्या उतारावर त्यांनी ब्रेक किती येळा दाबला असंल?"

उतार, वेग, अंतर. असली उत्तरे काढणे हीच माझी नोकरी होती.

फियाट मी मोडीत दिली. त्यानंतर गाडी घेतली नाही. रामकिसनच्या गाडीत मी त्याच्या शेजारी, डाव्या बाजूला बसतो. उतार आला की माझा उजवा पाय आपोआप दाबला जातो. अनेकांचे तसे होते म्हणतात.

त्या बाजूला पेडल नसते.

तरीही चौका घाटात माझ्या पायाखाली काहीतरी येते. मऊ... दाबले की आत जाणारे.

घाट संपेपर्यंत मी पाय उचलत नाही.