सहावी जुडी

मला विड्या कधीच नीट वळता आल्या नाहीत, हे आधी सांगून टाकते. पान कापलं तर वाकडं, तंबाखू भरली तर कमी, आणि तोंड दुमडलं तरी ते उघडंच. कारखान्याचा चेकर माझं सूप पुढे ओढायचा आणि निम्म्या विड्या मोडून छाटात, म्हणजे रद्द मालात, फेकायचा. पण प्रवरेकाठच्या अकोल्यातल्या आमच्या आळीत सातवीपर्यंत शिकलेली बाई मी एकटीच. म्हणून छबूबाईनं तोडगा काढला. दुपारी तिच्या पडवीत मनकर्णानं, म्हणजे मी, वाचायचं, बाकीच्यांनी वळायचं, आणि प्रत्येकीनं पंचवीस विड्यांची एक जुडी वाचणारीच्या सुपात टाकायची. ऐकणाऱ्या सहाजणी, जुड्या सहा. तेवढ्या वेळात माझ्या हातानं तेवढ्या झाल्याच नसत्या.

साल त्र्याहत्तर, दुष्काळाचं. पुरुषमाणसं खडी फोडायला गेलेली, घरोघरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, आणि दुपार सरता सरत नसे. एके दिवशी मी वाचनालयात पुस्तक बदलायला निघाले तेव्हा छबूबाईनं मागून ओरडून सांगितलं, "जाड आन गं मने! लवकर सरनारं नगं!"

ग्रंथपाल आप्पासाहेबांनी खालच्या फळीवरून एक धोंडा काढून माझ्या हातात दिला. सहाशेच्या वर पानं. पुठ्ठा नव्यानं बांधलेला, पहिली पानं गायब, त्यामुळे नाव काय ते आम्हा बायकांना ठाऊक नाही. आम्ही त्याला दिवाणाचं पुस्तक म्हणायचो. एका संस्थानाच्या दिवाणाचा आतून कडी लावलेल्या खोलीत खून होतो, इथून ते सुरू होतं. मग त्याच्या दोन बायका, त्यांचे भाऊ, मुनीम, वैद्य, एक गाणारीण, एक खोटा साधू... माणसं येतच राहतात. मी मोजली होती, सत्तावीस. एकाच्या गळ्याला फास बसला की लिहिणारा त्याला तसाच टांगून ठेवायचा आणि दुसऱ्याच्या घरात शिरायचा. बायका त्याला मनापासून शिव्या द्यायच्या आणि "पुढं वाच" म्हणायच्या.

माझाच गोंधळ व्हायचा. पण बनुबाईचा कधी नाही. पाण्याच्या रांजणाशेजारी तिची जागा. अक्षरशत्रू बाई, साठीची, डावखुरी. तिच्या विडीवर दोऱ्याचा वेढा सगळ्यांच्या उलट दिशेनं जायचा, त्यावरून चेकर रोज कटकट करायचा. मी वैद्याचा आणि वकिलाचा घोळ घातला की तिची मान वर व्हायची.

"अगं ह्यो त्यो न्हवं. ज्याची बहीन मुनिमाच्या भावाला दिली, त्यो हा."

जणू सगळे तिच्या माहेरचे! आणि तिला आधीच वाटलेलं काही पुढं खरं निघालं की ती तोंडानं काही बोलायची नाही. रिकामी कात्री तीनदा वाजवायची. कच्, कच्, कच्. की आम्ही समजायचं, म्हातारीनं ओळखलं होतं.

त्या पुस्तकात सुंद्रा नावाची एक दिवेवाली होती. तिन्हीसांजेला यायची, दिवे लावायची, जायची. दर प्रकरणात एक ओळ, कधी तर अर्धीच. बनुबाई रोज विचारायची, "आज सुंद्रा आल्ती का गं?"

"आली होती की. दिवा लावून गेली."

"बरं."

"मावशी, तुला तिचाच एवढा पुळका का?"

"तिला कोन इचारतंय? सगळ्यांच्या समोर आसती आन कुनाला दिसत न्हाई. म्हनून म्या इचारते."

मला तेव्हा फार माया वाटली होती त्या उत्तराची. म्हातारीवर माझा जीवच होता. माझी आई लवकर गेली, आणि आळीतल्या बायकांनी मला वाढवलं ते टोमणे मारून. बनुबाईनं वाढवलं ते गोष्टी ऐकून. कुणी आपलं इतकं मन लावून ऐकावं, यासारखं सुख नाही.

शेवटची शंभरेक पानं राहिली होती तेव्हा बनुबाईला ताप आला. मी भेटायला गेले. वाकळेखालून तिनं माझं मनगट धरलं. हाताला तंबाखूचा तो ओला, कडसर वास तसाच.

"मने, म्या वळखलंय त्याला कुनी मारलं ते."

"कुणी गं?"

"आत्ता न्हाई सांगनार. मंग मजा काय ऱ्हायली? शेवट आला की सांगते. माज्याबिगर वाचू नका."

चौथ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंड ठेवला. नदीत पाणी नावालाच, पण कावळे भरपूर. झाडावर बसले होते, खाली उतरत होते, पिंडाभोवती फिरत होते, आणि शिवत एकही नव्हता. ऊन चढलं. तिच्या मुलानं, गोरक्षनं, हात जोडले. "आये, बहिनीला दिवाळीला आनीन." कावळा हलेना. "तुजी शेळी इकनार न्हाई." नाही. "दारू सोडतो." त्याच्या बायकोनं चमकून त्याच्याकडं पाहिलं, पण कावळ्यानं नाही. लोक कुजबुजायला लागले. म्हातारीचं अडलंय कशात?

मला ठाऊक होतं. लाज वाटत होती, पण पुढं झाले आणि म्हणाले, "मावशी, पुस्तक शेवटपर्यंत वाचून दाखवीन. खरा शेवट. शपथ."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा शिवला.

लोक हसले. छबूबाई हसता हसता रडली. मीही. तेराव्यानंतर पडवीत पुन्हा बसलो. रांजणाशेजारची जागा कुणी घेतली नाही. ऐकणाऱ्या आता पाचजणी. वाचन संपल्यावर मी सूप ओढलं आणि जुड्या पिशवीत टाकू लागले. पाच झाल्या. तरी एक राहिली.

मी ती उचलली. पानं ओली, थंडगार. दोऱ्याचा वेढा उलटा.

"छबूमावशी... ही कुणाची?"

छबूबाईनं जुडी हातात घेतली, बोटानं दोरा फिरवून पाहिला, आणि हळूच सुपात परत ठेवली. बाहेर टळटळीत ऊन होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"ऐकायला आली आसंल," भीमाबाई म्हणाली. आमच्यात वयानं सगळ्यात मोठी तीच. "फुकट ऐकनारी न्हवती ती. तिचा वाटा टाकून गेली."

"मला भ्या वाटतंय... बंद करू या," छबूबाई म्हणाली.

"बंद केलं तर आडकून पडंल बिचारी. शपथ घेतलीया हिनं. वाच गं मने. लवकर सरव."

मग रोज तसंच. पाच बायका, सहा जुड्या. कोण टाकतं ते कधी दिसलं नाही. माझे डोळे पुस्तकात, बायकांचे हातात. पण मधूनच रांजणाच्या बाजूनं कात्रीचा आवाज यायचा. पान कापल्याचा. मी थांबायचे. पाचही जणींच्या कात्र्या जमिनीवर पडलेल्या असायच्या... आणि तो आवाज आणखी एक पान कापून मग थांबायचा. ओल्या पानांचा वास दाटून यायचा. अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोलू. तरी एकदा मी वैद्याच्या जागी वकील वाचला आणि रांजणाजवळून चुक् असा आवाज आला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी चूक सुधारून पुढं वाचलं.

आणि मग तो दिवस आला. सगळे सत्तावीसजण दिवाणखान्यात गोळा झालेले, फौजदार मध्ये उभा. मी वाचत होते, 'ज्या हातानं दिवाणसाहेबांच्या दुधात विष कालवलं तो हात,' पान उलटलं... आणि समोर नुसता पुठ्ठा.

शेवट नव्हताच. फाटून गेलेला, कुणास ठाऊक कधी. जाडजूड पुस्तक बघून मी हरखले होते, शेवटचं पान आहे का ते बघायची अक्कल सुचली नव्हती. आणि त्याच्या जोरावर मेलेल्या बाईला शब्द देऊन बसले होते!

पाचही जणी माझ्याकडं बघत होत्या. रांजणाशेजारची कात्री थांबलेली. मी कोऱ्या पुठ्ठ्यावर नजर ठेवली आणि म्हणाले, "तो हात होता... मुनिमाचा!"

बायकांनी एकच गिल्ला केला. मुनीम कुणालाच आवडत नव्हता. मी त्याला बेड्या घातल्या, गाणारणीचं लग्न लावून दिलं, साधूला काशीला पाठवलं. थापा कशा सुचत गेल्या, माझं मलाच कळेना. भीमाबाईनं हात जोडले. "सुटली गं बनू."

कात्री काही वाजली नाही.

मी सूप ओढलं. पाच जुड्या अखंड होत्या. आणि त्यांच्या शेजारी सहावी, सगळी सुटी केलेली. पंचवीस पानं उलगडून एकावर एक ठेवलेली, तंबाखूचा वेगळा ढीग, दोऱ्यांची वेगळी गुंडाळी. चेकर छाट काढताना विडी मोडतो, तसं नव्हतं हे. हे फार हळू हातानं, वेळ घेऊन केलं होतं.

"ह्ये काय गं?" छबूबाईनं विचारलं.

"मी खोटं वाचलं," मी म्हणाले. "शेवटची पानं नाहीत. तिला कळलं."

तशीच उठले आणि वाचनालयात गेले. आप्पासाहेबांनी पुस्तक पाहिलं, कपाळावर हात मारला आणि नोंदवही काढली. आठ वर्षांत एकतीस लोकांनी ते नेलं होतं. एकानंही तोंड उघडलं नव्हतं. आपली फजिती झाली, आता पुढच्याचीही होऊ दे! आमचं गाव आहेच तसं. कोपरगावच्या वाचनालयात याची दुसरी प्रत पाहिल्याचं त्यांना आठवत होतं. त्यांनी चिठ्ठी दिली.

दुसऱ्या दिवशी संगमनेरला गाडी बदलून मी कोपरगावला पोचले. पुस्तक बाहेर नेऊ देईनात, म्हणून तिथल्याच बाकावर बसून शेवटची सोळा पानं पेन्सिलीनं उतरवून घेतली. पहिल्याच पानावर, तिसऱ्या ओळीला माझी पेन्सिल थांबली. पंखा चालू होता, माणसं वर्तमानपत्रं वाचत होती, आणि मला घाम फुटला होता.

तो हात सुंद्रा दिवेवालीचा होता.

दर प्रकरणात ती तिथं होती. सगळ्यांच्या समोर. आणि आम्हा सगळ्यांत एकट्या बनुबाईनं रोज विचारलं होतं, आज सुंद्रा आल्ती का?

पडवीत मी ती सोळा पानं वाचायला घेतली. "तो हात... सुंद्राचा होता."

मग रांजणाच्या बाजूनं, अगदी सावकाश, मजा घेत घेत...

कच्. कच्. कच्.

"वळखलं हुतं गं बयेनं," भीमाबाई पुटपुटली आणि पदर डोळ्यांना लावला. सुपात सहावी जुडी होती. घट्ट, नीटस, उलट्या वेढ्याची. मी ती कारखान्यात दिली नाही. अजून माझ्या ट्रंकेत आहे.

त्यानंतर पंधरा दिवस आम्ही नुसत्याच वळत बसलो. सहावी जुडी आली नाही, कात्री वाजली नाही. म्हातारी सुटली, चांगलं झालं, असं सगळ्या म्हणायच्या आणि रांजणाकडं बघायच्या. मला तर करमेना. मनातल्या मनात म्हणायचे, मावशी, इतकी कसली घाई होती गं सुटायची?

शेवटी मीच वाचनालयात जाऊन नवं पुस्तक आणलं. आधीच्याहून जाड. आप्पासाहेबांसमोरच शेवटचं पान उघडून पाहिलं, मगच सही केली. दुपारी पडवीत बसले, पहिलं प्रकरण वाचलं आणि सूप ओढलं.

पाच. आणि सहावी, उलट्या वेढ्याची.

"आली बया," छबूबाई म्हणाली, आणि खरं सांगते, आम्ही सगळ्या हसलो. भीती कधी गेली ते कळलंच नव्हतं. मी जुडी उचलून कपाळाला लावली. तेव्हा तिच्याखाली आणखी एक दिसली.

सातवी. सरळ वेढ्याची. पानं फार जुनी, काळपट, आणि दोऱ्याऐवजी केळीच्या सोपटाचा धागा. तसा धागा आमच्यापैकी कुणी वापरत नव्हतं. भीमाबाईनं ती बराच वेळ हातात धरली. तिच्या आजीच्या वेळी असं बांधायचे, एवढंच ती म्हणाली.

मग आम्ही सगळ्यांनी रांजणाकडं पाहिलं. बनुबाईला एकटीनं ऐकायची सवय कधीच नव्हती.

"वाच," छबूबाई हळूच म्हणाली. "थांबू नको... वाच."

मी दुसरं प्रकरण काढलं आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं वाचायला लागले. नवी आलेली किती लांब बसली होती, कुणास ठाऊक.