भिंतीवरची काच

खिडकी उघडावी आणि समोर एक परका माणूस आपल्याच भिंतीला कान लावून उभा दिसावा, असा योग तिच्या आयुष्यात त्या सकाळपर्यंत आला नव्हता.

शिवणयंत्राशी बसण्यापूर्वी उजेड आत यावा म्हणून तिने खिडकीची दारे लोटली होती. शेजारच्या रिकाम्या भूखंडावर कालपर्यंत गुडघाभर गवत होते. आज तेथे मातीचा ढीग होता, आणि ढिगावर पिवळे हेल्मेट घातलेला तो तरुण.

"काय म्हणतेय भिंत?" तिने विचारले.

तो दचकला, ढिगावरून घसरला आणि खिडकीचा गज धरून कसाबसा सावरला. "पोकळ आहे का ते... म्हणजे, इथं इमारतीचं तळघर खोदायचंय. मी इथला इंजिनिअर."

"बरं. मग, पोकळ आहे?"

"नाही. पण एक भेग आहे. आतून बघू द्याल?"

भेग जुनी होती, शिवणयंत्रामागच्या कोपऱ्यात. त्याने काचेची एक पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवली आणि दोन्ही टोके प्लास्टरने घट्ट बसवली. तिचे वडील खुर्चीतून हे सारे संशयाने न्याहाळत होते. हे घर त्यांनी आणि तिच्या दिवंगत आईने उभे केले होते. भिंती ओल्या असताना आई सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर पाणी मारीत असे, आणि त्या पाण्याचे ऋण ते घर आजही भक्कमपणे फेडीत होते.

"अहो खड्डेवाले, या काचेनं काय होणार?"

"भिंत जरा जरी सरकली, काका, तरी आधी ही काच तडकेल. मग काम तिथंच थांबवायचं. मी रोज सकाळी येऊन बघत जाईन."

"रोज?" वडिलांनी चष्मा कपाळावर चढवला.

"रोज," तो म्हणाला. पण पाहिले मात्र तिच्याकडे.

आणि तो येऊ लागला. काच पाहायला क्षणभर पुरे. पण तो क्षण दिवसागणिक लांबत गेला. बाहेर यंत्राचा लोखंडी पंजा जमिनीत रुते, तेव्हा तिच्या डबीतल्या टाचण्या किणकिणत.

"तुमच्या यंत्राची चाहूल मला आधी लागते," ती एकदा म्हणाली.

"यंत्राची की...?"

"यंत्राचीच. फार लाडात येऊ नका."

तो हसला. मग, बोलावे की नाही अशा स्वरात त्याने सांगितले, की एकट्याच्या भरवशावर मिळालेले हे त्याचे पहिलेच काम. ते आधीच रेंगाळले होते. आणखी खोळंबा झाला तर इमारतीचे मालक दुसरा माणूस नेमणार होते.

एका सकाळी तो घाईत आला, मागच्या दारातूनच काचेवर नजर टाकून "ठीक आहे!" म्हणाला आणि गेला. मालक पाहणीला आले होते. ती कामाला बसली, तेव्हा काचेवर एक दोरा चिकटलेला तिला दिसला. शिवणाऱ्याच्या घरात दोरे कुठेही चिकटतात. सहज म्हणून तो काढायला तिने नख लावले... आणि नख अडकले.

तो दोरा नव्हता.

ती तशीच उभी राहिली. सांगितले, तर त्याचे काम जाईल. न सांगितले, तर... खुर्चीत वडिलांचा डोळा लागला होता; त्यांची पाठ त्याच भिंतीला टेकलेली होती.

तिने वडिलांना उठवून अंगणात बसवले, आणि ती पायांत चप्पलही न घालता खड्ड्याच्या काठाशी धावली.

"अहो खड्डेवाले! काच तडकलीय!"

मालकांसमोर, सगळ्या कामगारांसमोर. त्याचा चेहरा उतरला. पण हात त्याआधीच वर गेला होता. यंत्रे थांबली. तो घरात आला आणि काचेवर बोट फिरवून धावत परत गेला. खड्ड्यातले पाणी उपसणाऱ्या पंपाच्या तोंडी गढूळ धार होती, आणि तिच्याबरोबर बारीक वाळू वाहत होती.

"पंप बंद! ही वाळू त्यांच्या भिंतीखालून येतेय. या बाजूला भराव टाका, आत्ताच्या आत्ता!"

"केसाएवढ्या रेघेसाठी?" मालक कडाडले. "उद्या तुझ्या जागी दुसरा उभा असेल."

"असू दे, साहेब. पण आज मी आहे, आणि त्या भिंतीआड माणसं राहतात."

काढलेली माती पुन्हा खड्ड्यात पडू लागली. त्यापूर्वी मालकांनी स्वतः वाकून भिंतीच्या पायाखाली सळई सारली होती, आणि ती अडथळ्यावाचून कोपरभर आत गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी तोच उभा होता.

भिंतीखालची पोकळी भरून काढली. पुढे ती बाजू थोडी थोडी खोदली, आणि प्रत्येक टप्प्यावर काँक्रीटचा आधार बांधला. नवी काच अभंग राहिली.

"त्या सकाळी माझी नजर चुकली होती," तो तिला म्हणाला. "तुम्ही आला नसता तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं. तुमचे उपकार..."

"उपकार कसले? तुमचा हात वर गेला म्हणून आमचं छप्पर डोक्यावर आहे."

काच पाहून झाली होती, तरी तो निघाला नाही. आणि त्याने निघावे असे तिलाही वाटले नाही.

इमारत जमिनीच्या वर आली. एके दिवशी तो हातात पटाशी घेऊन काचेपुढे उभा राहिला.

"काढताय?"

"मागेच काढायला हवी होती. पण ही काढली, की... इथं यायला काही निमित्त उरत नाही."

"निमित्तच लागतं?"

"तुम्ही म्हणालात तर... नाही लागणार."

तिने त्याच्या हातातून पटाशी हलकेच काढून घेतली. बोटांना बोटे लागली, आणि बाहेर एकही यंत्र चालू नसता टाचण्यांची डबी तिच्या कोपराचा धक्का लागून किणकिणली.

"मी झोपलेलो नाही!" आतल्या खोलीतून वडिलांचा आवाज आला. "आणि खड्डेवाले, असलं बोलायचं असेल तर मागच्या दारानं नाही. पुढच्या दारानं या. बूट पुसून!"

तो गडबडीने मागच्या दाराने निघाला. घराला वळसा घालणारी त्याची पावले भिंतीपलीकडून तिला ऐकू येत होती. तिने केस सारखे केले, आईने पाणी पाजलेल्या त्या भिंतीवर क्षणभर तळहात टेकला, आणि डोळे मिटून मनोमन नमस्कार केला.

पुढच्या दाराच्या पायपुसण्यावर बूट बराच वेळ घासले गेले. मग दारावर टकटक झाली.

तिने दार उघडले. "भिंत बघायला आलात?"

"नाही," तो म्हणाला. "आज भिंत नाही."