मैंदर्गीचा पाट

कंदील जरा बारीक करा रे. ही गोष्ट तशी अंधारातलीच. आणि चनबसप्पा माझा शेजारी, तेव्हा ऐकीव म्हणून हसू नका.

मंगळवार पेठेत तो पुस्तकं बांधायचा. नाद एकच, एका थोर पुढाऱ्यांच्या वस्तू जमवायचा. नाव घेत नाही, भिंतीलाही कान असतात. त्यांची जप्त झालेली पुस्तकं, उपरणं, दौत, सगळं त्याच्या कपाटात. पण फसून फसून ताकही फुंकून प्यायला लागला होता. म्हणायचा, "मला त्यांच्या अकरा काट्या इकायला आल्या. मानसाला पाय दोनच की." एक तरी वस्तू नक्की खरी मिळावी, एवढाच त्याला ध्यास.

सन चौतीसची भोगी. सकाळीच तो मैंदर्गीला गेला, गोजरबाई नावाच्या म्हातारीकडे. तिच्याच घरी जेवता जेवता पुढाऱ्यांना पोलिसांनी उठवून नेलं होतं. पुढं ते तुरुंगातच वारले. ते बसले होते तो पाट म्हातारीनं हलवला नव्हता.

"त्यांनी ताटाभवती पानी फिरवलं, चार घास खाल्ले, आन् दारात 'चला' आशी हाक आली," ती म्हणाली. "मी आता लेकीकडं चालले. पाट न्या, पैसा नगं. पर आदी त्यास्नी एक डाव जेवू घाला. तवर त्यावर कुनी बसू नगा."

फुकट म्हटल्यावर याचा संशय दुणावला.

रात्री त्याच्या बायकोनं, राजाबाईनं, पाटापुढं ताट वाढलं. बाजरीची भाकरी, भोगीची भाजी. चनबसप्पा हसला.

"लाकडाला जेवू घालतीस व्हय? म्हातारीनं गंडवलंय. बग, मीच बसतो."

"नगा बसू. मला लई भ्या वाटतंय."

तो बसला. जेवू लागला. लांबून गड्ड्यावरच्या संक्रांतीच्या यात्रेचा गलका येत होता.

दारावर थाप पडली.

"कोण हाय?"

पुन्हा थाप. मग आवाज. अगदी हळू.

"चला..."

राजाबाईनं त्याचा हात धरला. "ताटावरनं उटू नगा..."

"पाट चोरायला आलं आसंल कुनीतरी. बगतो की."

उठला. कडी काढली. बाहेर गेला.

पुन्हा दिसला नाही.

पहाटे राजाबाईनं मला उठवलं. सारी पेठ पालथी घातली. चौकीवर विचारलं, तिथं कुणालाच आणलेलं नव्हतं. लोकांनी तर बायकोवरही संशय घेतला. मीही घेतला होता, खोटं कशाला सांगू.

परवा सकाळी तिच्याकडे गेलो. पाट तिथंच होता. नवऱ्याचं जेवण अर्धं राहिलं म्हणून ती रोज रात्री पाटापुढं त्याच्यासाठी ताट वाढते.

"सकाळी ताट लख्ख आसतंय, भावजी," ती म्हणाली. चेहऱ्यावर केवढं समाधान. "जेवून जात्यात की."

मी खाली पाहिलं...

ताटाभोवती पाण्याचं कडं होतं. अजून ओलं.

चनबसप्पा लिंगायत. त्यांच्यात ती रीत नाही. जन्मात कधी त्यानं ताटाभोवती पाणी फिरवलं नव्हतं.