पाच गुण देणारा वाचक

कासारगावच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकावर काही लिहायला बंदी होती. त्यामुळे तिथला प्रत्येक सभासद पुस्तक नेताना खिशात पेन्सिल ठेवायचा. ‘वाचकांनी पुस्तकावर लिहू नये’ असा जांभळा शिक्का प्रत्येक पुस्तकावर होता, आणि त्या शिक्क्याखाली कुणीतरी हमखास लिहिलेलं असायचं, ‘का?’

समासात तर नुसती जत्रा. ‘अप्रतिम!’, ‘भिकार’, ‘लेखकाला कुणीतरी आवरा’, ‘खालच्या माणसाला काही कळत नाही’, आणि त्याच्या खाली, ‘वरच्यालाही’.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०६१ साली, या वाचनालयात ग्रंथमित्र नावाचा यंत्रमानव आला. कपाटाएवढा उंच, चाकांवर चालणारा आणि आवाजाने अगदी सरकारी. कुठली पुस्तकं ठेवायची आणि कुठली काढायची, हे समितीने त्याच्यावर सोपवलं होतं. पूर्वी हे काम समिती स्वतः करायची. पण सभेत फार भांडणं होत, आणि चहा दोनदा सांगावा लागे.

ग्रंथमित्राची पद्धत सोपी होती. पेन्सिलीने लिहिलेला प्रत्येक शेरा वाचायचा आणि त्याला शून्य ते दहा यांपैकी गुण द्यायचे. ‘अप्रतिम’ला नऊ, ‘ठीक’ला पाच, ‘भिकार’ला एक. मग सरासरी काढायची (सगळे गुण एकत्र मिळवायचे आणि जितक्या वाचकांनी मत दिलं त्या संख्येने भागायचं). सरासरी पाचाच्या खाली गेली, की पुस्तक निरोपाच्या कपाटात. कपाटाला कुलूप. दर शनिवारी चार वाजता गाडी येई आणि कपाटातल्या पुस्तकांचा कागदाच्या कारखान्यात लगदा होई.

त्या शनिवारी सकाळी सातवीतली केतकी गवारे वाचनालयात आली आणि कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहिली. आत ‘नऊचा भोंगा’ हे पुस्तक होतं.

ही नव्वद वर्षांपूर्वीची कादंबरी. तिच्यात एक शहर होतं. तिथे रोज सकाळी नऊला भोंगा वाजे, सगळ्यांची मतं मोजली जात आणि जे मत मधोमध येई तेच दिवसभर सगळ्यांनी बाळगायचं. ज्याला ते बाळगता येत नसे, त्याला दुसऱ्या दिवशी कुणी ओळखत नसे. केतकी एकशे बेचाळिसाव्या पानापर्यंत आली होती. नायिका भिंतीवर चढली होती आणि खाली तिचा सख्खा भाऊ पहारेकऱ्यांना हाक मारायला तोंड उघडत होता. तेवढ्यात परत करायची तारीख आली. घरी शिस्त असल्यामुळे केतकीने पुस्तक परत केलं. आता गावातली एकुलती एक प्रत कुलपात होती.

“हुद्दारबाई, हे पुस्तक काढताय?”

हुद्दारबाई म्हणजे ग्रंथपाल. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “मी कुठली काढणार, बाळ? ग्रंथमित्राने काढलंय. चार पूर्णांक नऊ आलेत.”

“आणि हे?” केतकीने शेजारच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे ‘लोखंडी कपाटांची निगा’ हे पुस्तक नुकतंच पुसून ठेवलं होतं.

“पाच पूर्णांक एक,” ग्रंथमित्र म्हणाला. “पुस्तक लोकप्रिय आहे.”

“चार पूर्णांक नऊ कसे झाले पण? गेल्या महिन्यात तर बरोबर पाच होते!”

“एक नवा शेरा आला. पान एकतीस. मजकूर असा: ‘महाबोअर. रद्दीत द्या.’”

केतकीचे कान लाल झाले. पान एकतीसवर तो शेरा तिनेच लिहिला होता. तोपर्यंत कादंबरीत नुसतं शहराचं वर्णन चाललं होतं. बत्तिसाव्या पानावर भोंगा वाजला आणि मग तिला जेवायला तीनदा हाक मारावी लागली. शेरा खोडायचा मात्र राहून गेला.

“ते... ते मी लिहिलंय. पण आता मला तसं वाटत नाही!”

“पुस्तकावर लिहायला बंदी आहे,” ग्रंथमित्र म्हणाला. “नोंद घेतली. हिशेबात चूक असेल तर दाखवा. विनंती चालत नाही.”

केतकी धावत घरी गेली. तिचे आजोबा, डॉ. नामदेव गवारे, संख्याशास्त्रज्ञ होते (आकड्यांच्या ढिगातून अर्थ शोधून काढणारा माणूस). निवृत्त झाल्यापासून ते स्वयंपाकघरात प्रयोग करत. घरातले बाकीचे लोक त्यांना पुन्हा नोकरी मिळावी म्हणून मनापासून झटत होते.

सगळं ऐकून आजोबा म्हणाले, “हिशेब तपासूया. तुझ्याआधी किती वाचक?”

“चाळीस. कपाटावरच्या चिठ्ठीत होतं. बेरीज दोनशे. दोनशे भागिले चाळीस, पाच. माझा एक गुण मिळवला की दोनशे एक भागिले एक्केचाळीस. चार पूर्णांक नऊ.”

“भागाकार बरोबर आहे. म्हणजे यंत्र बिचारं चुकलेलं नाही.”

“आजोबा, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?”

“आमटीच्या,” आजोबा म्हणाले आणि उठले.

दुपारी तीन वाजता ते दोन डबे आणि चिंचोक्यांची पिशवी घेऊन वाचनालयात हजर झाले.

“ग्रंथमित्रा, या दोन डब्यांत सारखीच आमटी आहे. एकीत मीठ अजिबात नाही. दुसरीत दोन चमचे. सरासरी किती?”

“एका डब्याला एक चमचा.”

“आणि एवढ्या आमटीला मीठ किती लागतं?”

ग्रंथमित्राने क्षणभर पाककृतींची सगळी पुस्तकं आठवली. “एक चमचा. आमटी उत्तम झाली आहे. अभिनंदन.”

“हुद्दारबाई, जरा चव बघा हो.”

बाईंनी पहिल्या डब्यातली चमचाभर चाखली. “अळणी आहे, गवारेकाका.” मग दुसरी. त्यांनी चमचा खाली ठेवला, पाण्याचा तांब्या उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत बोलल्या नाहीत. “ही माणसांसाठी आहे?”

“सरासरी मात्र योग्य आहे,” ग्रंथमित्र म्हणाला. पण त्याचा आवाज थोडा हळू झाला होता.

केतकीच्या डोक्यात काहीतरी हललं. “म्हणजे सरासरी खरी आहे, पण तशी आमटी कुठल्याच डब्यात नाही!”

“शाबास. आता पुस्तकाचं बघ.” आजोबांनी तिच्या हातात खडू दिला.

केतकीने लांब टेबलावर अकरा चौकटी आखल्या, शून्य ते दहा. “ग्रंथमित्रा, एक शेरा म्हणजे एक चिंचोका. ज्या शेऱ्याला जितके गुण, त्या चौकटीत तो ठेव. आधी कपाटांचं पुस्तक.”

ग्रंथमित्राने लोखंडी बोटांनी चिंचोके ठेवायला सुरुवात केली. ‘ठीक.’ ‘ठीक आहे.’ ‘बरं.’ ‘ठीक.’ पाचच्या चौकटीत एक ढीग उभा राहिला. सहाच्या चौकटीत थोडे सांडले, चारमध्ये दोन.

“आता ‘नऊचा भोंगा’,” केतकी म्हणाली. तिने खालच्या बाजूला दुसऱ्या अकरा चौकटी आखल्या. घड्याळात साडेतीन झाले होते.

ग्रंथमित्र एकेक शेरा मोठ्याने वाचत होता. “‘रात्रभर झोप नाही. अप्रतिम.’ नऊ. ‘मुलांना असलं काही देऊ नये.’ एक. ‘शेवट वाचून रडलो. पुन्हा वाचणार.’ नऊ. ‘शेवट वाचून रडलो. पुन्हा वाचणार नाही.’ एक. पान अठ्ठ्याऐंशी: ‘छे! मित्राशी असं कोण वागतं?’ एक. त्याखाली दुसरं अक्षर: ‘आपण सगळेच.’ नऊ.”

चिंचोके संपले. एकच्या आसपास एक डोंगर. नऊच्या आसपास दुसरा. मधे रिकामं टेबल.

“याला विखुरण म्हणतात,” आजोबा म्हणाले, “(मतं एकमेकांपासून किती लांब पसरली आहेत ते). वर एक डोंगर, खाली दोन. दोन्हींची सरासरी मात्र पाचाच्या जवळच. सरासरी तुला डोंगरांचा मधला बिंदू सांगते. तिथे डोंगर आहे की दरी, हे ती सांगत नाही. ते बघायला चिंचोके मांडावे लागतात.”

ग्रंथमित्र खालच्या पाचच्या चौकटीवर वाकला. त्याने आपला दिवा तिथे धरला, जणू एखादा चिंचोका लपून बसला असेल. मग तो सभासदांची यादी चाळायला लागला.

“काय शोधतोयस?” केतकीने विचारलं.

“या पुस्तकाला पाच गुण देणारा वाचक. त्याचं मत सगळ्यांचं मत समजून मी पुस्तक काढलं.” यादी संपली. “असा सभासद वाचनालयात नाही. कधी नव्हता. मी एका नसलेल्या माणसाचं ऐकत होतो.”

“आणि असलेल्या वीस जणांना हे पुस्तक जिवापाड आवडलं होतं,” केतकी म्हणाली. “तुझा नियम होता, वाचकांना आवडत नाही ते काढायचं. वीस वाचक इथे आहेत, मोजून बघ.”

“मोजले. वीस.”

“आणि एकवीस जणांना नाही आवडलं, त्यांचं काय?” हुद्दारबाईंनी विचारलं. त्यांनाही आता चेव आला होता.

आजोबा काही बोलणार एवढ्यात केतकीच म्हणाली, “त्यांनी घरी नेऊ नये. पण ज्यांना न्यायचंय त्यांच्यासाठी ते फळीवर तर पाहिजे! आणि बाई, ज्यांना नाही आवडलं त्यांनीसुद्धा अर्धा समास भरून लिहिलंय. कपाटांच्या पुस्तकावर कुणी एवढं लिहिलं?”

“नाही,” ग्रंथमित्र म्हणाला. “तिथे सगळ्यात लांब शेरा तीन शब्दांचा आहे. ‘बिजागरीला तेल घालणे.’”

बाहेर गाडीचा कर्णा वाजला. चार वाजले होते. गाडीवाला दारात येऊन म्हणाला, “काय न्यायचं आज?”

ग्रंथमित्राच्या छातीवरचा हिरवा दिवा तीनदा लुकलुकला.

“हिशेबात चूक नाही. प्रश्नात चूक आहे,” तो म्हणाला. “आज काही न्यायचं नाही. या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाचे चिंचोके मांडायचे आहेत. पुढच्या शनिवारीसुद्धा येऊ नका. मला पुष्कळ चिंचोके लागतील.”

“आमच्या गच्चीवर पोतंभर आहेत,” आजोबा म्हणाले. “घरचे तेही काढायला निघालेत.”

कुलूप उघडलं. ग्रंथमित्राने ‘नऊचा भोंगा’ दोन्ही हातांनी केतकीला दिलं. ती तिथेच खिडकीजवळ बसली, एकशे बेचाळिसावं पान काढून.

“एक अडचण आहे,” ग्रंथमित्र म्हणाला. “तुमचा चिंचोका मी एकवर ठेवला होता. तुम्ही म्हणता आता तसं वाटत नाही. कुठे सरकवू? नऊवर?”

केतकीने विचार केला. पुस्तक वाचवायचं तर नऊ म्हणणं सोपं होतं. पण पुस्तक लगद्यातून वाचलंच होतं, आणि नायिकेचा भाऊ अजून तोंड उघडून उभा होता.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “अजून वाचतेय.”

ग्रंथमित्र त्या अकरा चौकटींकडे वळला. मग त्याने टेबलावरचा खडू उचलला आणि दहाच्या पलीकडे, जरा वाकडीच, बारावी चौकट आखली. चिंचोका तिच्यात अलगद ठेवला.

“सावकाश वाचा,” तो म्हणाला. “ही चौकट मोठी केली आहे. इथे पुष्कळ जण येतील.”