शुक्रवारचा दिवा

सुनेत्राला पहिला संशय आला तो वातींवरून.

जबलपुरातल्या गोरखपूरच्या बाजारात, पूजेच्या सामानाच्या दुकानात एक उंच तरुण उभा होता. केस ओले, शर्ट परीटघडीचा, हातात तेलाची बाटली... आणि तो चक्क कापसाच्या वाती निवडत होता. जाड नको, बारीक द्या. एकटा पुरुष इतकं मन लावून वाती निवडतो म्हटल्यावर कोणतीही मुलगी थांबली असती. सुनेत्रा थांबली. वर, कारण नसताना, कापूर मागितला.

“आईनं सांगितल्या काय आणायला?” तिनं विचारलंच.

“आई पेणला असते. मलाच लागतात.”

“तुम्हाला? काहून?”

“लावायला.” तो हसला. “खरं म्हणजे दिवा घरातल्या बाईनं लावायचा असतो. बाई नसली की पुरुषानं. तात्पुरती व्यवस्था आहे.”

“किती दिवसांची?”

“ते माझ्या एकट्याच्या हातात नाही...” असं म्हणून त्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. सुनेत्रा कापूर तिथेच विसरून आली.

घरी येऊन पाहते तो चेरीतालच्या त्यांच्या गल्लीत, अगदी समोरच्या खोलीचं कुलूप तोच माणूस उघडत होता. दारावर पाटी – आर. दिघोडकर. कारखान्यात नवीन लागलेला. सुनेत्राचे वडील अण्णा त्याच कारखान्याच्या हापिसात होते आणि शिवाय मराठी मंडळाचे चिटणीस. त्यांनी पाटी एकदा वाचली आणि निकाल दिला, “कोकणातला आहे. रघुनाथ असेल.” तेव्हापासून गल्ली त्याला रघुनाथराव म्हणू लागली. हाक मारली की तो आधी मागे वळून बघे, मग ओ देई. लोकांना वाटे, विनयशील आहे.

डिसेंबर लागला, लढाई सुरू झाली आणि विनय संशयास्पद ठरला.

एकाहत्तर साल होतं. दारूगोळ्याच्या कारखान्यांचं गाव, त्यामुळे विमानं इथेच येणार याबद्दल आमच्या गावाला एक प्रकारचा अभिमान होता. काचांना काळे कागद लागले. अण्णा गल्लीचे वॉर्डन झाले, त्यांना शिटी मिळाली. शेजारच्या भय्यासाहेबांना शिटी मिळाली नाही, म्हणून त्यांनी संशय घेण्याचं खातं सांभाळलं. आधी फुगेवाला, मग भंगारवाला, मग तारेवर रोज बसणारं एक कबूतर.

“आणि तो समोरचा,” भय्यासाहेब म्हणाले. “शनिवारी सुट्टी मागते अन् रविवारी कामावर जाते. कोणता शहाणा माणूस असं करते?”

“मराठीही फार शुद्ध बोलतो,” अण्णा म्हणाले. “जबलपुरात इतकी वर्षं राहून राहिलो आपण, बोलतो का असं? शिकवून पाठवला असेल.”

“दर शुक्रवारी त्याच्या खिडकीत उजेड असते. इशारा करून राहिला तो.”

“कोणाला, काका?” सुनेत्रानं विचारलं.

“वरच्याला!”

“म्हणजे देवाला?”

“विमानवाल्याला, बाई!”

त्याच संध्याकाळी अण्णांनी मंडळाच्या फळ्यासाठी सूचना सांगितली. सुनेत्राचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे मंडळाचं सगळं लिखाण तिच्याकडे. अण्णा सांगत होते, “...तसेच, अल्पसंख्याक बांधवांवर सौजन्यपूर्वक लक्ष ठेवावे.”

तिचा हात थांबला. “अण्णा, अल्पसंख्याक म्हणजे कोण?”

“ते.”

“जूनमध्ये तर आपण होतो. मराठी शाळेच्या अनुदानासाठी... मीच लिहिलं होतं, ‘आम्ही अल्पसंख्याक असल्यामुळे’.”

“तो अर्ज होता,” अण्णा शांतपणे म्हणाले. “ही सूचना आहे.”

हा शब्द मंडळात सतरंजीसारखा होता. अर्जाच्या वेळी आपण तिच्यावर बसायचं, सूचनेच्या वेळी दुसऱ्याला बसवायचं. अण्णांना यात काहीच वावगं वाटत नव्हतं. सतरंजी एकच असते.

दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर तो उभा होता.

“अक्षर तुमचं?”

“हो.”

“सुंदर आहे. मजकूर?”

“अण्णांचा.”

“वाटलंच.” त्यानं पुन्हा एकदा वाचलं. “मी काय करू मग? स्वतःवर लक्ष ठेवू?”

“तुम्ही काहून?”

तो काही बोलणार होता... पण मागून भय्यासाहेब खाकरले. तो नुसता म्हणाला, “तुम्हीच ठेवा. खिडकी समोरच आहे तुमची.”

ती लाजली आणि घाबरली, दोन्ही एकदमच. कारण लक्ष ती ठेवतच होती. आणि खिडकीत दर शुक्रवारी उजेड असे, हेही खरंच होतं. आवडतं माणूस हेर निघालं तर काय करायचं, याबद्दल कोणत्याच सूचनेत काही नव्हतं.

शुक्रवार आला. दिवेलागणीच्या सुमारास भोंगा वाजला. गल्ली काळी झाली. समोरच्या खिडकीच्या कागदाला चीर होती, तिच्यातून पिवळ्या उजेडाची एक रेघ रस्त्यावर पडली. अण्णांनी जीव खाऊन शिटी फुंकली.

“बत्ती बुझाव!”

अण्णा, मागून भय्यासाहेब आणि सुनेत्रा त्याच्या दाराशी पोचले. दार उघडलं. आत टांगलेल्या पेल्यात पाणी, पाण्यावर तेल, तेलात वात. तीच, बारीक.

“माफ करा, कागद फाटलाय. झाकतो लगेच,” तो म्हणाला. “पण विझवता येणार नाही.”

“काहून नाही?”

“आमच्यात शुक्रवारचा दिवा विझवत नाहीत. तेल संपलं की तोच जातो.”

“आमच्यात म्हणजे कोणात, रघुनाथराव?”

“रूबेन,” तो म्हणाला. “रूबेन दिघोडकर. बेने इस्राएल... यहुदी म्हणतात ना, ते. कोणी विचारलंच नाही कधी.”

“म्हणजे मराठी नाही?” भय्यासाहेब ओरडले.

“घरात दुसरी भाषाच नाही, काका. पूर्वी आमचे घाणे होते तेलाचे. शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणतं.”

अण्णांचा चेहरा उजळला. फाईल कुठल्या कप्प्यात जाते ते सापडल्यावर उजळतो तसा. “म्हणजे, अल्पसंख्याक!”

“असेन.”

“मग सकाळी कारखान्यात सांगावं लागेल मला. त्यांनी काय ते पाहावं.”

रूबेनचा हात दाराच्या कडीवर घट्ट झाला. कारखान्यात सांगणं म्हणजे काय ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. आधी चौकशी, मग नोकरी जाणार आणि माणूस पेणच्या गाडीत. सुनेत्रानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे. तो फक्त म्हणाला, “सांगा. पण विझवणार नाही.”

सुनेत्रा वळली आणि घराकडे पळाली.

क्षणभरानं गल्लीत दुसरा उजेड पडला. चांगला लख्ख. भय्यासाहेब किंचाळले, “अण्णा! बत्ती! तुमच्या घरी!”

अण्णा धावले. त्यांच्याच देवघरात नंदादीप जळत होता. मोठा मुलगा श्रीरंग सीमेवर गेला त्या दिवशी सुनेत्राच्या आईनं, राधाबाईंनी, लावलेला, तो घरी येईपर्यंत तेवत ठेवायचा म्हणून. त्यावर रोज तुपाचा रिकामा डबा पालथा घातलेला असे. एका बाजूला कापलेला, भोकं पाडलेला, खुद्द वॉर्डनसाहेबांनी. तो डबा आता सुनेत्राच्या हातात होता आणि खिडकी सताड उघडी. राधाबाई पदर पसरून खिडकीशी उभ्या होत्या, पण पदर तो केवढा!

“ठेव तो डबा! वेडी झाली काय तू?”

“दिवा विझवू का, अण्णा?”

अण्णा दिव्यापुढे आडवे उभे राहिले.

“नियम आहे ना... फुंकर मारू?”

“नाही,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज शिटीपेक्षा कितीतरी लहान होता. “श्रीरंगचा आहे तो.”

“तोही कोणाचा तरी असेल.”

बाहेर भय्यासाहेब अजून बत्ती बत्ती करत होते. अण्णांनी डबा घेतला, नंदादीपावर जपून पालथा घातला. मग खिडकीतून डोकं काढून म्हणाले, “भय्यासाहेब, ओरडू नका. तुमच्याकडे तुपाचा रिकामा डबा आहे काय? समोर द्यायचा आहे.”

सकाळी अण्णा कारखान्यात गेले आणि कोणाला काही बोलले नाहीत. असं त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं.

लढाई संपली. श्रीरंग सुखरूप असल्याचं कळलं. अण्णांनी आभाराचा मजकूर सांगायला घेतला, “...तसेच अल्पसंख्याक बांधवांचेही सहकार्य लाभले.”

सुनेत्रानं लिहिलं – श्री. रूबेन दिघोडकर यांचे सहकार्य लाभले.

अण्णांनी चष्मा लावून वाचलं. “नाव काहून?”

“एकच तर आहेत, अण्णा. नावात मावतात.”

अण्णांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. या वेळचा संशय बरोबर होता.

त्या शुक्रवारी, ऊन उतरता उतरता, ती समोरच्या दारात उभी राहिली. मुठीत वाती होत्या.

“आईनं वळल्या. बारीक.”

“आईंना कोणी सांगितलं बारीक लागतात म्हणून?”

“लक्ष ठेवायला तुम्हीच सांगितलं होतं.”

त्यानं पेल्यात वात सोडली, काडेपेटी उचलली... आणि थांबला. “ती तात्पुरती व्यवस्था...”

“हं?”

“संपवायची म्हणतोय. तुमची हरकत नसेल तर.”

सुनेत्रानं हात पुढे केला. त्यानं काडेपेटी त्यात ठेवली.

समोरच्या ओसरीवर अण्णा शिटी घेऊन बसले होते. खिडकीला आता कागद नव्हता. उजेड लागला, तशी त्यांनी सवयीनं शिटी ओठाला लावली, जरा वेळ तशीच धरली, आणि खिशात घातली.

“रूबेनराव,” ते गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले, “तेल पुरेसं घाला!”